पाळकीय सेवेचे शिक्षण: अर्जापासून दीक्षेपर्यंत

पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धार्मिक नेता, हा बोलणारा माणूस, अशी बहुतेकांची समजूत असते. सेमिनरीची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शिक्षणसंस्थेची, पहिली दोन वर्षे ही समजूत मोडण्यातच जातात. विद्यार्थी प्रवचन शिकायला येतो आणि त्याला आधी शिकावे लागते ते ऐकायला: शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, उतारा नेमके काय म्हणतो ते आणि समोरचा माणूस नेमके काय म्हणतो ते. दोन्हींचा सराव एकाच पद्धतीने होतो. जे आहे ते आधी जसेच्या तसे कागदावर उतरवायचे, त्यावरचे आपले मत नंतर. या लेखातल्या पायऱ्यांपैकी उताऱ्यावरचे काम आणि रुग्णभेट या दोन ठिकाणी जास्त थांबलो आहोत, कारण विद्यार्थी घसरतात ते तिथेच.

अर्ज करण्याआधीचे वर्ष

पाचारण, म्हणजे या सेवेसाठी देवाने बोलावल्याची जाणीव, दोन बाजूंनी तपासले जाते. एक बाजू तुमच्या मनातली, दुसरी मंडळीने, म्हणजे तुमच्या चर्चमधल्या लोकांनी, तुमच्यात पाहिलेली. फक्त पहिली असेल तर मुलाखतीत अडचण येते आणि ती यायलाच हवी. म्हणून अर्जाच्या किमान वर्षभर आधी आपल्या पाळकांना मनातले सांगा आणि तीन प्रकारची कामे मागून घ्या. एक मुलांमधले, म्हणजे रविवारच्या शाळेतला एक वर्ग. दुसरे वृद्ध किंवा आजारी माणसांमधले. तिसरे कोणाच्याही डोळ्यांत न भरणारे: खुर्च्या मांडणे, गीतपुस्तके लावणे, दानाची मोजणी करणाऱ्यांना मदत. हे तिसरे काम सर्वात बोलके असते. निवड समितीतला अनुभवी माणूस नेमके त्याबद्दलच विचारतो: "कोणी पाहत नसताना हा किती महिने टिकला?"

अर्जासोबत बहुतेक ठिकाणी बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला, शैक्षणिक प्रमाणपत्रे, वैद्यकीय दाखला, दोन-तीन शिफारसपत्रे आणि आपल्या विश्वासप्रवासाची लेखी साक्ष मागतात. साक्ष ६०० ते ८०० शब्दांत बसवा. तिच्यात काळ, प्रसंग, तुम्हाला घडवणारी माणसे आणि अजून न सुटलेला निदान एक प्रश्न यायला हवा. नापसंत होणाऱ्या साक्षी एकाच साच्याच्या असतात: एक मोठा चमत्कार, त्यानंतर सगळे सुरळीत आणि दुसऱ्या कोणत्याही माणसाचा उल्लेख नाही. शिफारसपत्र देणाऱ्यांत ज्याच्याशी तुमचे कधी मतभेद झाले होते असा एक जण असेल, तर ते पत्र कौतुकाच्या चार पत्रांना भारी पडते. कर्ज असेल, आई-वडिलांची जबाबदारी असेल किंवा जोडीदाराची पूर्ण संमती नसेल, तर ते आधीच सांगून टाका. दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडणाऱ्यांच्या कारणांत ईश्वरविज्ञानापेक्षा या गोष्टीच जास्त आढळतात.

कोणता मार्ग, किती वर्षे

प्रत्येक परंपरेचा हिशेब वेगळा आहे. कॅथलिक चर्चमध्ये सेमिनरीची रीतसर व्यवस्था ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली घालून दिली. आजच्या नियमानुसार तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान मिळून सहा वर्षे भरावी लागतात: पहिल्यासाठी दोन, दुसऱ्यासाठी चार. त्याआधी तयारीचा प्रारंभिक काळ असतो. धर्मगुरुपदासाठी २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, तर त्या वाटेवरच्या डीकनपदासाठी, म्हणजे धर्मगुरुपदाच्या आधीच्या पायरीसाठी, २३. १९९२ पासून या घडणीच्या चार बाजू स्पष्टपणे मांडल्या जातात: मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि पाळकीय. यातली 'मानवी' बाजू पहिली ठेवली आहे, हे ध्यानात घ्या. ज्याला चारचौघांत नीट वागता येत नाही, त्याच्या ग्रीक व्याकरणाने मंडळीचे भले होत नाही.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत साधारणपणे पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम किंवा त्याहून लांब पदवी अभ्यासक्रम असतो. त्यानंतर अनुभवी पाळकाच्या हाताखाली परिवीक्षेचा (उमेदवारीचा) काळ आणि मग दीक्षा, म्हणजे पाळकपदावर विधिपूर्वक नेमणूक. काही मंडळ्या छोट्या बायबल स्कूलवर आणि प्रत्यक्ष उमेदवारीवर भर देतात.

प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट लेखी विचारून घ्या: त्या संस्थेची पदवी तुमच्या मंडळीला दीक्षेसाठी चालते का? तोंडी 'हो' पुरत नाही. तीन वर्षे शिकून परतल्यावर "ही पदवी आमच्याकडे धरत नाहीत" असे ऐकावे लागणे हा या वाटेवरचा सर्वात महागडा आणि सर्वात सहज टाळता येणारा अपघात आहे.

भाषा आणि रोजचे वाचन

नव्या कराराच्या ग्रीकमध्ये सुमारे ५,४०० वेगवेगळे शब्द आहेत. त्यांपैकी ५० किंवा अधिक वेळा येणारे शब्द जेमतेम ३१०, पण मजकुराचा जवळजवळ ८० टक्के भाग त्यांनीच व्यापलेला आहे. म्हणजे पहिल्या सत्राचे उद्दिष्ट ठरलेले आहे. आठवड्यातले पाच दिवस रोज पाच नवे शब्द आणि उरलेले दोन दिवस नुसती उजळणी. या वेगाने साडेबारा आठवड्यांत ३१० पूर्ण होतात. उत्साहाच्या भरात रोज वीस शब्द घेणारे तिसऱ्या आठवड्यात थांबतात, कारण उजळणीचा ढीग नव्या शब्दांपेक्षा मोठा होतो.

हिब्रूची अडचण वेगळी. बावीस अक्षरे, उजवीकडून डावीकडे लेखन आणि अक्षरांच्या खाली-वर स्वरचिन्हे. इथे पहिला महिनाभर अर्थाच्या मागे न लागता रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचा. कानाला लय बसली की व्याकरण पटकन लागते. (दानिएल आणि एज्रा या पुस्तकांचे काही भाग हिब्रूत नसून अरामीत आहेत. तिथे अडलात तर स्वतःला दोष देऊ नका.)

शास्त्राचे सलग वाचन अभ्यासक्रमात धरलेले नसते, म्हणून ते हमखास मागे पडते. प्रॉटेस्टंट बायबलच्या ६६ पुस्तकांत १,१८९ अध्याय आहेत. रोज चार वाचले तर दहा महिन्यांत एक फेरी होते. स्तोत्रे वेगळी धरा: रोज पाच, म्हणजे महिन्यात दीडशेच्या दीडशे. हे वाचन प्रवचनासाठी करायचे नाही. हातात पेन घेतले की विद्यार्थी ऐकणे थांबवून मुद्दे शोधू लागतो, म्हणून या वेळेपुरते पेन दूर ठेवा.

उताऱ्यापासून पुलपिटापर्यंत

विद्यार्थ्याच्या एका प्रवचनाला १२ ते १५ तास लागतात. अनुभवी पाळकाला कमी लागतात हे खरे, पण त्याच्या मागे वीस वर्षांचे वाचन उभे असते. हे तास सोमवार ते शनिवारमध्ये पसरले तरच उपयोगी पडतात. शनिवारी रात्री सलग बारा तास बसून प्रवचन होत नाही, निबंध होतो.

उदाहरणासाठी मार्कच्या शुभवर्तमानातला १०:४६-५२ (दहावा अध्याय, वचने ४६ ते ५२) घेऊ, येरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी बर्तिमय.

सोमवारी उतारा पाच वेळा मोठ्याने वाचा, निदान तीन भाषांतरांतून. टीकाग्रंथ, म्हणजे बायबलवरचे स्पष्टीकरणाचे ग्रंथ, बंद ठेवा. कागदावर १ ते ३० आकडे घाला आणि प्रत्येकापुढे उताऱ्यात दिसणारी एक गोष्ट लिहा. पहिल्या दहा सोप्या जातात. दहा ते वीसमध्ये कंटाळा येतो. कामाच्या गोष्टी विसानंतर सापडतात. या उताऱ्यात त्या अशा: बर्तिमयाला गप्प राहायला सांगणारे 'पुष्कळ जण' आहेत. येशू थांबतो, पण स्वतः त्याच्याकडे जात नाही. "त्याला बोलवा" असे सांगतो. म्हणजे ज्या गर्दीने गप्प केले तिलाच बोलवायला पाठवतो. आणि भिकारी उठताना आपले वस्त्र टाकून देतो.

मंगळवारी मूळ भाषा आणि आजूबाजूचा मजकूर. "मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?" हा येशूचा प्रश्न त्याच अध्यायात थोड्याच आधी, १०:३६ मध्ये, याकोब आणि योहान यांनाही विचारला गेला आहे. त्यांनी मागितल्या उजवीकडच्या आणि डावीकडच्या जागा. आंधळ्याने मागितली दृष्टी. प्रश्न एकच, मागणी दोन टोकांची. आता ५२ वे वचन पाहा. 'बरे केले' यासाठीचे ग्रीक क्रियापद 'तारणे' या अर्थानेही येते आणि ५:३४ मध्ये रक्तस्रावाने पीडित स्त्रीला म्हटलेले वाक्य हेच आहे. शेवटचे शब्द 'वाटेने त्याच्यामागे चालू लागला'. ती वाट यरुशलेमेला जाते आणि अकराव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत यरुशलेम समोर येते.

याच दिवशी विद्यार्थी एका खड्ड्यात पडतात. मत्तय २० मध्ये दोन आंधळे आहेत, लूक १८ मध्ये घटना येरीहोजवळ येताना घडते, मार्कमध्ये येरीहोतून निघताना. हा फरक माहीत हवा, वहीत टिपूनही ठेवा. पण प्रवचनाची आठ मिनिटे तो फरक मिटवण्यात घालवली, तर ऐकणाऱ्याच्या हाती ना मार्क लागतो, ना मत्तय.

बुधवारी टीकाग्रंथ उघडा, दोन किंवा तीन, जास्त नकोत. आपल्या तीस नोंदींपैकी कोणत्या टिकतात आणि कोणत्या चुकीच्या ठरतात ते तपासा. मग मध्यवर्ती वाक्य लिहा. 'विश्वासाचे महत्त्व' हे वाक्य नव्हे, फलकावरचा मथळा आहे. त्याला कर्ता नाही, क्रियापद नाही आणि ते बायबलमधल्या शंभर उताऱ्यांवर चिकटवता येईल. वाक्य असे हवे: 'गर्दी ज्याला गप्प करते त्याच्यासाठी येशू थांबतो आणि त्याला बोलावून आणण्याचे काम गर्दीलाच देतो.' हे दुसऱ्या कोणत्याही उताऱ्यावर बसणार नाही. कसोटी हीच. बुधवार रात्रीपर्यंत असे वाक्य आले नाही, तर गुरुवारी लिहायला बसू नका. पुन्हा सोमवारच्या कागदाकडे जा.

गुरुवारी पूर्ण मजकूर लिहा. पुलपिटावरून (प्रवचनाच्या व्यासपीठावरून) सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला १०० ते १२० शब्द बोलतो, म्हणजे वीस मिनिटांना २,००० ते २,४०० शब्द. स्वतःचा वेग एकदा घड्याळ लावून मोजा आणि कायमचा लिहून ठेवा. पुढे मुद्द्यांच्या चिठ्ठीवर बोला, हरकत नाही. पण पहिली तीस प्रवचने तरी शब्दन्‌शब्द लिहिलेली असावीत. न लिहिता बोलणारा नवखा माणूस ठरावीक वाक्प्रयोगांतच फिरत राहतो आणि ते त्याला स्वतःला ऐकू येत नाही.

शुक्रवारी मोठ्याने वाचा आणि कापा. जिथे जीभ अडखळते ते वाक्य मोडून दोन करा. 'मूळ ग्रीकमध्ये असे आहे' हे शब्द बहुधा सगळेच काढता येतात. मुद्दा राहू द्या, व्याकरण वहीत परत जाऊ द्या. आणि ज्या उदाहरणात मंडळीतला कोणी माणूस ओळखू येईल, ते कितीही चपखल असले तरी गाळा, नाव बदललेले असले तरीही. शनिवारी एकदाच, उभे राहून, कागदाकडे न पाहता बोलून घ्या आणि झोपा.

रविवारी आधी जाऊन माईक तपासा. तोंडापासून वीतभर अंतर पुरते. शास्त्रपाठ वाचणाऱ्याला कठीण नावे आधी वाचून दाखवा. उपासनेनंतर 'प्रवचन कसे झाले' असे कोणाला विचारू नका, कारण उत्तर 'छान' असेच येते. तीन जणांना वेगवेगळे गाठून विचारा, "आज प्रवचन कशाबद्दल होते, एका वाक्यात सांगाल?" तिघांची तीन वेगळी उत्तरे आली तर दोष आवाजात नाही, बुधवारच्या वाक्यात आहे.

ज्या मंडळ्या लेक्शनरी म्हणजे वाचनांचे ठरलेले कोष्टक पाळतात, तिथे उतारा निवडायचा नसतो. १९९२ मध्ये आलेले आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वापरले जाणारे कोष्टक तीन वर्षांचे आहे: पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहान तिन्ही वर्षांत विभागलेला आहे. न आवडणारे उतारे टाळता येत नाहीत, हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोठा फायदा आहे.

क्षेत्रकार्य

दुसऱ्या वर्षापासून बहुतेक विद्यार्थ्यांना एखाद्या मंडळीत आठवड्याला आठ-दहा तास काम दिले जाते. पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शक पाळकांबरोबर एक पानाचा करार लिहा: किती तास, कोणती कामे, या सत्रात शिकायच्या तीन गोष्टी आणि दर आठवड्याला ठरलेला तासभराचा आढावा. हा तास कागदावर नसेल तर तो होत नाही. पाळक कामात असतात, विद्यार्थी संकोची असतो आणि सत्र संपताना कळते की दोघे फक्त पार्किंगमध्ये बोलले.

पहिला महिना काहीही बदलू नका. कोण कुठे बसते, कोण एकटे निघून जाते, सभेत अखेरचा शब्द कोणाचा असतो, कोणत्या विषयावर सगळे एकदम गप्प होतात, ते लिहा. गीताची चाल बदलण्याचा प्रस्ताव पहिल्या महिन्यात आणणारा विद्यार्थी पुढचे अकरा महिने त्या प्रस्तावाची किंमत मोजतो.

तीन गोष्टींना हात लावायचा नाही. दानाचे पैसे एकट्याने मोजू नका, नेहमी दोघे आणि दोघांची सही. मुलांबरोबर बंद खोलीत एकटे थांबू नका. दार उघडे ठेवा किंवा दुसरा प्रौढ सोबत घ्या. आणि कोणाकडूनही वैयक्तिक उसने घेऊ नका, देऊही नका. गरजू माणूस आला तर त्याला मंडळीच्या मदतनिधीकडे न्या.

रुग्णभेट आणि व्हर्बेटिम

१९२५ च्या सुमारास अमेरिकेतले पाळक अँटन बॉयसन यांनी मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांसोबत शिकवायला सुरुवात केली. ग्रंथांइतकाच जिवंत माणूसही अभ्यासायचा 'दस्तऐवज' आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यातून पुढे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे सीपीई, उभे राहिले. त्याचे एक युनिट साधारण ४०० तासांचे धरले जाते: वॉर्डातले काम, गटचर्चा आणि मार्गदर्शकाबरोबरच्या बैठका मिळून. तुमच्या संस्थेत सीपीई नसले तरी त्यातले एक साधन कुठेही वापरता येते. ते म्हणजे व्हर्बेटिम, भेटीतले संभाषण जसेच्या तसे लिहून काढणे.

भेटीआधी नर्सना विचारा: आत जाऊ का, काही काळजी घ्यायची आहे का. हात धुवा. दारावर टकटक करून स्वतःचे नाव आणि मंडळी सांगा आणि "आता बसलो तर चालेल का?" असे विचारा. 'नाही' हे उत्तर मनापासून स्वीकारा. त्या खाटेवरच्या माणसाला दिवसभरात ज्याला नकार देता येतो असा बहुधा तुम्ही एकटेच असता. खाटेवर बसू नका, खुर्ची ओढून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या. दहा-पंधरा मिनिटे पुष्कळ झाली.

भेट चालू असताना लिहू नका, ध्वनिमुद्रण तर नाहीच. बाहेर आल्यावर तासाभरात लिहा, दुसऱ्या दिवशी आठवण स्वतःहून नीटनेटकी होते आणि तुम्ही प्रत्यक्षात बोललात त्यापेक्षा शहाणे दिसू लागता. नाव, खोली, ओळख पटेल असा तपशील गाळा. तुमच्या वाक्यांना 'वि' आणि रुग्णाच्या वाक्यांना 'रु' असे क्रमांक द्या. हावभाव आणि शांतता कंसात लिहा.

असा एक तुकडा पाहा:

वि १: नमस्कार काका. आज कसं वाटतंय?
रु १: ठीक. उद्या रिपोर्ट येणारेत म्हणाले.
वि २: काळजी करू नका. सगळं ठीक होईल. देव आहे ना.
रु २: हं. (खिडकीकडे पाहतात.) माझ्या भावाला पण असंच म्हणाले होते सगळे.
वि ३: आपण प्रार्थना करू या का?
रु ३: करा.

वरवर पाहता भेट चांगली झाली. विद्यार्थी नम्र होता, प्रार्थनाही झाली. पण 'रु २' पुन्हा वाचा. काकांनी दार उघडले होते: भाऊ होता, त्यालाही असाच धीर दिला होता आणि पुढे बहुधा वाईट घडले. त्या वाक्यात भीती आहे आणि विद्यार्थ्याच्या 'सगळं ठीक होईल'ला दिलेले उत्तरही आहे. 'वि ३' ने ते दार लावून घेतले आणि तेही प्रार्थनेने. 'करा' हा एक शब्द काकांनी विद्यार्थ्याच्या सोयीसाठी म्हटला. इथे एवढेच पुरले असते: "भावाचं काय झालं होतं, काका?" आणि मग गप्प बसणे. प्रार्थना नंतर आली असती, तर तिच्यात भावाचा उल्लेख आला असता.

मुख्य मजकुराखाली चार परिच्छेद जोडा: (१) मी तिथे असताना मला काय वाटले, कुठे मी घाबरलो; (२) त्या माणसाला काय हवे होते; (३) या भेटीत देवाविषयी काय बोलले गेले, शब्दांत आणि शब्दांविना; आणि (४) पुन्हा भेटलो तर एक गोष्ट वेगळी काय करीन. तिसरा परिच्छेद विद्यार्थी प्रवचनासारखा लिहितात. गटात वाचताना तो सगळ्यांना लगेच ओळखू येतो.

महिन्याला दोन व्हर्बेटिम असा हिशेब धरला, तर वर्षाअखेरीस स्वतःची सवय स्पष्ट दिसते. कोणी प्रत्येक भेटीत तिसऱ्या वाक्याला प्रार्थना आणतो, कोणी सल्ला देतो, कोणी स्वतःच्या आजारपणाची गोष्ट सांगतो. सवय एकदा कागदावर दिसली की मोडता येते. कोणी सांगून ती दिसत नाही.

गोपनीयतेचा नियम आधीच समजून घ्या. भेटीतले बोलणे बाहेर जात नाही, पण माणूस स्वतःचा जीव घेण्याची भाषा करत असेल किंवा एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचे सांगत असेल, तर गप्प राहायचे नाही. "हे मी माझ्यापाशी ठेवू शकत नाही, आपण मिळून सांगू या" असे त्याला तोंडावर सांगून त्याच दिवशी मार्गदर्शकांना कळवा. कॅथलिक कबुलीसंस्काराचे, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्याच्या विधीचे, मौन वेगळे आणि पूर्ण असते, पण ते धर्मगुरूला लागू होते. विद्यार्थी कबुली ऐकत नाही, त्यामुळे "हे कबुलीसारखं आहे, कोणाला सांगू नका" अशी अट आधीच मान्य करू नका.

विधींचा सराव

प्रभुभोजनाचा सराव रिकाम्या प्याल्याने, मोकळ्या वेदीपाशी, कोणी नसताना करा, निदान पाच वेळा. अडचण शब्दांची नसते, हातांची असते: भाकर मोडताना पान कोण उलटणार? विधिपुस्तकात रंगीत फिती लावा, पुस्तक डाव्या बाजूला थोडे तिरके ठेवा.

बाळाचा बाप्तिस्मा असेल तर डोके डाव्या कोपराच्या खळगीत आणि पाणी उजव्या हाताने. नाव माहीत असले तरी पालकांना मोठ्याने विचारा. बुडवून बाप्तिस्मा असेल तर पाणी कमरेइतके पुरते. एक हात त्या माणसाच्या पाठीवर, खांद्यांच्या मध्ये. त्याचे स्वतःचे हात नाकापाशी आणि गुडघे किंचित वाकवायला सांगा, म्हणजे उंच माणूसही सहज मागे झुकतो. तारेचा माईक हातात घेऊन पाण्यात कधीही उतरू नका. विजेच्या धक्क्याने माणसे दगावली आहेत.

दफनविधीच्या आदल्या दिवशी कुटुंबाच्या घरी तासभर बसा. मृताला घरात काय म्हणत, कोणाचे त्याच्याशी बोलणे बंद होते, कोणाचे नाव राहून जाता कामा नये, हे विचारा. सगळी नावे मोठ्या अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहून विधिपुस्तकात चिकटवा. त्या गडबडीत ओळखीचे नावही विसरले जाते, आणि कुटुंबे ते वर्षानुवर्षे विसरत नाहीत. संदेश सहा ते आठ मिनिटांचा पुरे. मृताच्या गुणांबद्दल ऐकलेलेच सांगा, वाढवून नको. समोर त्याला चांगले ओळखणारे बसलेले असतात.

परीक्षा, दीक्षा आणि निरोप

दीक्षेआधीच्या समितीपुढे बहुतेक ठिकाणी लेखी विश्वासनिवेदन द्यावे लागते. सोपी रचना म्हणजे प्रेषितांचा किंवा नायसीन विश्वासांगिकार (ख्रिस्ती श्रद्धेचे ठरलेले प्राचीन निवेदन) समोर ठेवून एकेका कलमावर स्वतःच्या शब्दांत लिहिणे, एकूण सुमारे २,००० शब्द. समितीला पाठांतर ओळखता येते. "कोणते कलम मंडळीला समजावून सांगणे तुम्हाला सर्वात अवघड जाते?" या प्रश्नावर 'कोणतेच नाही' म्हणणारा उमेदवार बहुधा पुन्हा बोलावला जातो. दुसरा ठरलेला प्रश्न असतो विश्रांतीचा: आठवड्याचा कोणता दिवस मोकळा ठेवता आणि त्या दिवशी फोन कोण उचलते? उत्तर देताना जोडीदाराकडे पाहिले गेले, तर समितीला उत्तर मिळालेले असते.

क्षेत्रकार्याच्या मंडळीचा निरोप चार आठवडे आधी जाहीर करा. ज्यांना नियमित भेटत होता त्यांची यादी मार्गदर्शक पाळकांना द्या. कोणाला 'पुन्हा येईन' असे म्हटले असेल, तर जाण्याआधी एकदा जाऊन 'आता येणार नाही' हे स्वतः सांगा, ते दुसऱ्यावर सोपवू नका. किल्ल्या परत करून सही घ्या. संस्थेला द्यायची असेल ती प्रत देऊन झाल्यावर व्हर्बेटिमची वही स्वतःच्या हाताने फाडून टाका. त्यातल्या काकांना त्या वहीविषयी काहीच माहीत नसते.